मदत हवी आहे: जिम थॉर्पमध्ये आधी ट्रेन की आधी बंगला?

घाईगडबड:
लोक्स, प्लीज पटकन सांगा. या शनिवारी पेनसिल्वेनियात जिम थॉर्पला चाललोय. ट्रेनचं बुकिंग करायला बसलेय आणि तिथेच अडकलेय. सकाळची गाडी घेतली तर नंतर तिथला पॅकरचा जुना बंगला आणि जेलचं म्युझियम दोन्ही होईल का, की बंगला आधी उरकून दुपारची घेऊ? तिकिटं डोळ्यांदेखत संपतायत आणि नवरा म्हणतो काहीही घे. कोणी जाऊन आलं असेल तर फक्त क्रम सांगा.

चहाबाज:
निघताय कुठून? किती जण? लहान मुलं आहेत का? एवढं तरी लिहा की.

रिकामटेकडा_७:
जिम थॉर्प गावाचं नाव आहे होय? मला वाटलं नवऱ्याला व्यायामाला पाठवताय.

घाईगडबड:
न्यू जर्सीतल्या एडिसनहून, अजून कुठून. चौघं आहोत, मुलं नाहीत. क्रम सांगा ना कोणीतरी.

जुना_पेनकर:
ऑक्टोबरातला शनिवार आहे ना? मग क्रम राहू द्या, आधी पार्किंगचं बघा. गाव काउंटीचं मुख्य ठिकाण असलं तरी आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान, लीहाय नदीच्या अरुंद दरीत कोंबलेलं, आणि पानांचे रंग बघायला सगळं न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया त्याच दिवशी तिथे. स्टेशनमागे काउंटीचा मोठा पार्किंग लॉट आहे, तो भरला की मग गोल गोल फिरत बसायचं. ७८ नंबरच्या हायवेने येऊन पुढे टोलचा टर्नपाइक धरा, ७४ नंबरच्या एक्झिटला उतरून २०९ ने आत. टर्नपाइकला आता रोख घेत नाहीत, ईझीपास, म्हणजे टोलचा टॅग, ठेवा. दहाच्या आत पोचा. पोचलात की सगळं होतं, नाहीतर काहीच होत नाही.

रेडिंगवाला:
पार्किंगच्या भानगडीत पडायचंच कशाला? गाडी रेडिंग शहरात आऊटर स्टेशनवर लावा आणि तिथूनच ट्रेनने जिम थॉर्पला जा. आम्ही दरवेळी तसंच करतो. मस्त डबे, मस्त सीनरी, स्टिअरिंगला हात नाही.

जुना_पेनकर:
अहो, त्या एडिसनहून येतायत. रेडिंगला जाऊन तिथून ट्रेन म्हणजे उलटा घास. आणि परतीची गाडी ठरलेल्या वेळेला, गावात मिळणार किती वेळ?

रेडिंगवाला:
पुरेसा मिळतो. सगळं बघायलाच हवं असं कुणी सांगितलंय.

मुग्धा_पीए:
घाईगडबड, तू दरीतली गाडी म्हणतेयस ना, लीहाय गॉर्जवाली? ती जाऊन-येऊन साधारण सत्तर मिनिटांची. स्टेशनचीच बिल्डिंग १८८८ ची आहे, लाल विटांची, गोल बुरुजवाली, तिच्यासमोर फोटो काढा. उघडा डबा घेऊ नकोस, ऑक्टोबरात वारा कानात घुसतो. आणि सोबत कोण आहे ते सांग, कारण बंगला टेकाडावर आहे.

घाईगडबड:
आई-बाबा आहेत. आईचं जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण ती चालते व्यवस्थित.

मुग्धा_पीए:
अगं, हे आधी सांगायचंस! स्टेशनपासून बंगल्यापर्यंत चढ आहे, आत टूरला परत जिने. आणि जेल ब्रॉडवेच्या पार वरच्या टोकाला, तोही चढच. दोन्ही एका दिवसात आईंना जमणार नाही. एकच निवडा.

चहाबाज:
बंगला निवडा. एसा पॅकर म्हणजे सुतारकाम शिकलेला माणूस, कनेक्टिकटहून आला, पुढे लीहाय व्हॅली रेलरोड उभी केली, लीहाय युनिव्हर्सिटी काढली. बंगला १८६१ चा. पण खरी गंमत पुढची. मुलगी मेरी १९१२ मध्ये गेली, घर गावाला देऊन. ते १९५६ पर्यंत बंदच होतं, मग लायन्स क्लबने उघडलं. त्यामुळे फर्निचर, भांडीकुंडी, पडदे, सगळं त्याच घरातलं, कुठून आणून मांडलेलं नाही. शेजारचा बंगला मुलाचा, हॅरीचा. तिथे आता पाहुणे राहतात, तो बाहेरूनच बघा.

कामगारपुत्र:
सुताराची गोष्ट छान आहे, पण या गावाचा खरा इतिहास जेलमध्येच आहे. कोळसा खाणींतल्या आयरिश कामगारांना मॉली मॅग्वायर नावाच्या गुप्त संघटनेचे ठरवून फाशी दिली. २१ जून १८७७ ला एका दिवसात दहा, त्यातले चार या जेलमध्ये. पुरावा कुठला, तर पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेच्या माणसाची साक्ष. पकडणारे कोळसा कंपनीचे पोलीस, आणि रेडिंग रेलरोडचा अध्यक्ष गोवेन स्वतः सरकारी बाजूने कोर्टात उभा. पुढे १९७९ मध्ये गव्हर्नरने त्यातल्याच फाशी गेलेल्या जॅक कीहोला मरणोत्तर माफी दिली. हे न बघता झुंबरं बघून परत यायचं?

चहाबाज:
खून झालेच नव्हते असं म्हणायचंय का तुम्हाला? मुकादम आणि सुपरिंटेंडंट मारले गेलेत तिथे.

कामगारपुत्र:
झाले होते. पण ते कुणी केले हे ठरवायला मालकाचाच वकील लागतो का?

भुताटकी_फॅन:
१७ नंबरच्या कोठडीतल्या भिंतीवरचा हाताचा पंजा नक्की बघा!! फाशीला नेताना कैद्याने उमटवला, निर्दोष आहे म्हणून. धुतला, रंग दिला, प्लास्टर काढलं, तरी परत येतो म्हणे.

कामगारपुत्र:
घ्या. चार माणसांच्या फाशीचं उरलं काय, तर पंजा.

भुताटकी_फॅन:
अहो, त्या पंज्यामुळेच लोक तिकीट काढतात आणि बाकीचं ऐकतात.

मुग्धा_पीए:
जेल १९९५ पर्यंत चालू होतं, आता म्युझियम आहे. ते रोज आणि बारा महिने उघडं नसतं, आधी वेळ बघून घ्या. तळघरातल्या अंधारकोठड्या आहेत तिथे आईंना नेऊ नकोस, पायऱ्या आहेत.

घाईगडबड:
बाबांना जेल हवंय, आईला बंगला. आता??

लेकमाउंटची_आजी:
सुनबाई, डबा घरून ने. आम्ही गेलो तेव्हा शाकाहारी म्हणजे चीज सँडविच आणि फ्राइज. दशम्या आणि सुकी चटणी उत्तम, नदीच्या बाजूला बसून खाता येतं. आईला व्हिजिटर इन्शुरन्स काढलायस ना? गुडघ्याचं आधीपासूनचं दुखणं त्यात धरत नाहीत, बघून घे.

घाईगडबड:
काकू, सून नाही मी, लेक आहे त्यांची. इन्शुरन्स काढलाय.

मैदानी_किडा:
बाबांना खेळाची आवड असेल तर नदीपलीकडे ९०३ रस्त्यावर, ज्याचं नाव गावाला आहे त्या खेळाडू जिम थॉर्पची समाधी आहे, गाडी अगदी जवळ लागते, चढ नाही काही नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन दोन्ही सुवर्णं. आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळला म्हणून पुढल्या वर्षी काढून घेतली. १९८२ मध्ये परत दिली तीही जोडीने विजेता म्हणून, एकटा विजेता म्हणून नाव लागलं २०२२ मध्ये. माणूस जाऊन तेव्हा एकोणसत्तर वर्षं झाली होती.

कामगारपुत्र:
आणि तो या गावात कधी आलाच नव्हता हेही सांगा. जन्म ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९५३ मध्ये गेल्यावर तिसऱ्या बायकोने याच गावाशी, म्हणजे तेव्हाच्या मौक चंकशी, सौदा केला, गावाने नाव बदललं आणि देह मिळाला. कोळसा संपला होता, टुरिस्ट हवे होते. मुलं देह परत मागत कोर्टात गेली, २०१४ मध्ये अपील कोर्टात गाव जिंकलं.

मैदानी_किडा:
ओक्लाहोमाने स्मारकाला पैसे दिले नाहीत तेव्हा या गावाने दिले. ते पण लिहा की.

रिकामटेकडा_७:
प्रश्न ट्रेनचा होता बहुतेक.

जुना_पेनकर:
ट्रेनवरून आठवलं, मौक चंकची १८२७ ची उतारावरची कोळशाची रेल्वे. डबे वजनाने नऊ मैल खाली यायचे, खेचरंही डब्यात बसून खाली, आणि रिकामे डबे ओढत परत वर. नंतर वर न्यायला वाफेची इंजिनं आली, पुढे कोळसा बंद होऊन टुरिस्ट बसायला लागले, रोलर कोस्टरची आजी म्हणतात तिला. १९३३ ला बंद. आता त्या मार्गावर चालायची वाट आहे, मी दर वसंतात जातो, अप्रतिम.

घाईगडबड:
वाट नकोय हो, गुडघा आहे!! बरं, सकाळची साध्या डब्याची तिकिटं गेली. दुपारची आहेत. घेऊ?

मुग्धा_पीए:
घे लगेच. दहाला पोचा, गाडी स्टेशनमागे लावा. मग तू आईला घेऊन सावकाश बंगल्यावर, टूरवाल्यांना जिन्याचं आधी विचार, आणि नवरा बाबांना घेऊन जेलला. मग स्टेशनसमोर भेटून डबा खा, ट्रेन करा, जाताना समाधी. बंगल्याची टूर ठरावीक वेळाने सुटते, त्यामुळे पोचल्या पोचल्या तिथे नंबर लावा.

घाईगडबड:
घेतली दुपारची. मुग्धा, थँक्यू गं. बाबा विचारतायत, गोवेन म्हणजे रेडिंग रेलरोडचा, तर ते रेडिंग वाटेत लागतं का?

रेडिंगवाला:
वाटेत नाही, पण मी पहिल्यापासून तेच सांगतोय ना!