बिडी सुटत नाही तो माणूस मनानं कच्चा असतो, हे मला मान्य नाही

धानवाला (अर्जुनी मोरगाव)
बावीस वर्षं बिडी ओढली. रोज एक कट्टा, म्हणजे एक पुडा, रोवणीच्या दिवसांत दीड. हात चिखलात असले की बाजूचा गडी पेटवून तोंडात द्यायचा. चारदा काडीपेटी चुलीत टाकली. एकदा अकरा दिवस काढले, पण त्यात बैलाला विनाकारण मारलं, पोरावर ओरडलो. पुन्हा पेटवली की पानठेल्यावर सगळे म्हणायचे, मन घट्ट नाही तुझं. मीही तेच मानत होतो.

मागच्या वर्षी बिडीच्या पुड्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर लावला. फुकट आहे. तिथल्या बाईंनी पहिलं विचारलं, उठल्यावर किती वेळात पहिली लागते? म्हटलं, चहाच्या आधी. त्यांनी सोडायची तारीख ठरवायला लावली, नंतर स्वतः फोन करून विचारत राहिल्या. निकोटिनचा चघळायचा गम तालुक्यातून आणला. चौदा महिने झाले. बीपीची गोळी मिळते तसा हा गम गावाजवळच्या आरोग्य केंद्रात हाती पडला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

वऱ्हाडी गडी
पटत नाही भाऊ. माह्या बापानं तीस वर्षांची बिडी माळ घातली त्या दिवशी सोडली, परत हात लावला नाही. बिडीत निकोटिन, गममधीबी निकोटिन, मंग हे आगीतून फुफाट्यात जानं नाही त काय? अन् गम कट्ट्याहून किती महाग! कापसाला भाव नाही, त्यात हा खर्च कायले?

मेडिकलवाला (ब्रह्मपुरी)
वऱ्हाडीभाऊ, लत लावतं ते निकोटिन. फुप्फुस आणि काळीज खातो तो मुख्यतः धूर, त्यातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. तेंदूपान विझू नये म्हणून बिडी सारखी ओढावी लागते, त्यामुळे धूर जास्तच आत जातो. गममध्ये धूर नाही, आणि काही महिन्यांत तो कमी करत बंद करायचा असतो. निकोटिनची ही औषधं २०२२ पासून देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

पण आपल्याकडे लोक गम खर्ऱ्यासारखा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणासारखा, चघळतात. मग उचकी लागते, मळमळतं, आणि म्हणतात काही फायदा नाही. थोडा चावायचा, झणझणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. झणझण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलंच जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात बिडी लागते त्याला ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांना २ चा. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

सेवक (भंडारा)
गम वाईट म्हणत नाही, पण तो सोबत बसत नाही. आमच्याकडे ‘परमात्मा एक’ या पंथाचे सेवक झालेल्यांची व्यसनं सुटलेली डोळ्यांनी पाहिली आहेत. घरातले सगळे एकदम नियम पाळतात, बैठकीला चार माणसं विचारतात. संध्याकाळी पानठेल्यावर जायचं कारणच उरत नाही.

आशाताई (गडचिरोली)
सेवकदादांचं खरं आहे, पण सगळेच माळ घालणार किंवा सेवक होणार नाहीत. आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम आहे, गावात शिबिरं लागतात. माझा अनुभव असा, की माणूस एकटा आला तर लाजतो, बायको सोबत आली तर खरं सांगतो. खर्रा खाणाऱ्या बायांना मात्र कोणी विचारतच नाही, याचा मला फार राग येतो.

वऱ्हाडी गडी
पन एकदम सोडनंच खरं ना? कमी कमी करनाऱ्याची कधी सुटत नाही.

मेडिकलवाला (ब्रह्मपुरी)
त्यात तुमची बाजू बळकट आहे. २०१६ साली इंग्लंडमधला अभ्यास छापून आला होता, जवळपास ७०० सिगारेट ओढणाऱ्यांवर. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, दोन आठवडे कमी करत सोडणाऱ्यांतले ३९ टक्के. मात्र निकोटिनची मदत दोन्ही गटांना होती.

धानवाला (अर्जुनी मोरगाव)
भाऊ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. मीही एकाच दिवशी सोडली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. फक्त खिशात काडीपेटीच्या जागी गमची पट्टी होती. वडिलांना एक विचाराल का, पहिल्या आठवड्यात रात्री झोप लागत होती का त्यांना?

वऱ्हाडी गडी
विचारलं. म्हनते, आठ दिवस आंगनात येरझारा मारल्या, तुह्या आजीले मातर सांगतलं नाही.