ज्यूररचं काम वेगळं आहे

मॅनेजमेंटच्या वर्गात केस स्टडी (एखाद्या कंपनीसमोरचा पेच) सोडवणारा विद्यार्थी ज्यूररसारखाच, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या ज्यूरीतल्या सामान्य नागरिकासारखाच, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. मॅनेजरला अपुऱ्या माहितीवरही निर्णय घ्यावाच लागतो. ज्यूररचं उलट: फौजदारी खटल्यात वाजवी शंका उरली तर त्याने 'दोषी नाही' म्हणायचं, आणि कोर्टात आलेल्या पुराव्यापलीकडचं काहीही मनावर घ्यायचं नाही. १९५९च्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात, ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं. वर्तमानपत्रांनी केवढी हवा केली होती तेव्हा! आमच्या यवतमाळकडे तंटामुक्ती समितीसमोर धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण आलं की नेमकं हेच जड जातं. दोन्ही घरं ओळखीची, पारावरच्या गप्पा आधीच कानावर आलेल्या. मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय कोणाचीच बाजू घेऊ नका, असं मी तिथे हट्टाने सांगतो.