हरित हायड्रोजन आधी कोणासाठी? कोयलीच्या कारखान्यासाठी की कांडल्याच्या जहाजासाठी?

मूळ मांडणी (गोरवा, बडोदे)

आमच्या गच्चीवरून रात्री कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची ज्योत दिसते. लहानपणापासून ती पाहत आलो, पण त्या आवारात रोज किती हायड्रोजन तयार होतो आणि तिथेच खर्च होतो, हे फार उशिरा समजले. डिझेलमधील गंधक काढायला तो लागतो आणि खतांसाठी अमोनिया करायलाही तोच लागतो. देशाचा आजचा वापर वर्षाला सुमारे 50 लाख टन आहे आणि तो बहुतेक सगळा नैसर्गिक वायूपासून मिळतो. अशा एक किलो हायड्रोजनमागे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सौर किंवा पवन विजेने पाण्यापासून केलेला हायड्रोजन तो हरित.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्टही 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हेच आहे. खर्चाची तरतूद 19,744 कोटी रुपये आहे. म्हणजे जेवढा आपण आज वापरतो, तेवढाच नवा हायड्रोजन आपण करू पाहतो आहोत. असे असताना कांडल्यासारख्या बंदरांतून तो परदेशी पाठवून देशाला निर्यातीचे जागतिक केंद्र करण्यावर एवढा भर का, हे मला पटत नाही. जिथे हायड्रोजनच्या वाहिन्या, टाक्या आणि ग्राहक आधीपासून आहेत, तिथे तो पहिल्यांदा पोहोचला पाहिजे. त्यासाठी तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांवर हरित हायड्रोजनचा दरवर्षी वाढत जाणारा ठरावीक वाटा बंधनकारक करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1 (निवृत्त शिफ्ट इंजिनियर, छाणी रस्ता)

आपल्या दिशेशी सहमत आहे, पण खत कारखाना बाहेरून दिसतो तेवढा सरळ नसतो. अमोनिया प्लांटवर माझी बरीच वर्षे गेली. रिफॉर्मरच्या भट्टीच्या झरोक्यातून आत पाहिले की नळ्यांच्या रांगा नारिंगी तापलेल्या दिसत. त्या नळ्यांत वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन होतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही निघतो. युरिया करायला अमोनियाइतकीच या कार्बन डायऑक्साइडची गरज असते. पाण्यापासून केलेल्या हायड्रोजनबरोबर तो येत नाही. मग युरियासाठी तो आणायचा कोठून? म्हणून हरित अमोनियाची (हरित हायड्रोजनपासून केलेल्या अमोनियाची) सुरुवात डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) आणि इतर संयुक्त खतांपासूनच होऊ शकते, कारण तिथे ही अडचण नाही आणि त्यासाठीचा अमोनिया आपण आजही बाहेरून आणतो. सरसकट वाटा बंधनकारक केला, तर युरियाचे कारखाने अडचणीत येतील.

सुरक्षिततेविषयीही दोन शब्द लिहितो. हायड्रोजनची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. गळतीचा संशय आला की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे आणि झाडू पेटला तर जागीच थांबायचे, असे आम्हाला शिकवले होते. ज्या आवारात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे, तिथेच नवा हायड्रोजन आधी यावा, हे आपले म्हणणे मला म्हणूनही योग्य वाटते.

प्रतिसाद 2 (वीज क्षेत्रात काम करणारी, अलकापुरी)

माझा विरोध मुळाशीच आहे. एक किलो हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट वीज लागते आणि त्या किलोत वापरण्याजोगी ऊर्जा उरते सुमारे 33 युनिट. तीच 50 युनिट सौर वीज ग्रिडमध्ये देऊन तेवढी कोळशाची वीज बंद केली, तर 45 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो. हायड्रोजनच्या मार्गाने वाचतात फक्त नऊ-दहा किलो. 50 लाख टनांसाठी किमान 25,000 कोटी युनिट लागतील, म्हणजे देशाच्या आजच्या वार्षिक वीजनिर्मितीचा साधारण सातवा हिस्सा. औष्णिक केंद्रे रात्रंदिवस धडधडत असताना एवढी स्वच्छ वीज हायड्रोजनकडे वळवणे हा प्राधान्यक्रमच चुकीचा आहे, मग तो हायड्रोजन कोयलीला जावो की परदेशी.

प्रतिसाद 3 (कारेलीबाग)

पाण्याचे काय? आजवा तलाव आणि मही नदी यांच्यावर आपण सारे बडोदेकर जगतो.

मूळ लेखकाचे उत्तर

ताई, आपला हिशेब बरोबर आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. मात्र तो हिशेब प्रत्येक युनिट कोळशाच्या जागी बसते असे धरून केलेला आहे. भर दुपारी सौर वीज मागणीपेक्षा जास्त होते आणि वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडतात, तेव्हा काही वीज वापराविना सोडून द्यावी लागते. विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारी यंत्रे, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, अशा वेळी चालवता येतात. शिवाय कोळशाला पर्याय आहेत, पण डिझेलमधून गंधक काढण्याच्या प्रक्रियेत हायड्रोजनला पर्याय नाही. इलेक्ट्रोलायझर दिवसाचे थोडेच तास चालले, तर त्यातला महागडा भांडवली खर्च वसूल व्हायला वेळ लागतो, ही आपल्या बाजूची आणखी एक भक्कम गोष्ट मी स्वतःहून मान्य करतो.

कारेलीबागच्या वाचकांसाठी: एका किलोला रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते आणि शुद्धीकरण व शीतकरण धरल्यास त्याच्या दुप्पट-तिप्पट. नऊ लिटरनेच मोजले, तरी संपूर्ण उद्दिष्टासाठी देशभरात रोज सुमारे 12 कोटी लिटर होतात. देशाच्या मानाने हे फार नाही, पण प्रकल्प कच्छसारख्या कोरड्या भागात एकवटले, तर तिथल्या गावांना ते जाणवेल. तिथे समुद्राचे पाणी गोडे करूनच वापरण्याची अट हवी.

काका, युरियाबद्दलचा आपला मुद्दा मला माहीत नव्हता. म्हणून माझी मागणी बदलतो: बंधन आधी तेलशुद्धीकरणाला आणि डीएपीला लावावे, युरियाला तूर्त वगळावे.

प्रतिसाद 4 (मांजलपूर)

निर्यातीला एवढे परके मानू नका. आपले खत कारखाने अनुदानावर चालतात, त्यांना महाग अमोनिया घ्यायला लावले तर भार सरकारी तिजोरीवर येईल. परदेशी ग्राहक जास्त भाव द्यायला तयार असेल, तर पहिल्या मोठ्या प्रकल्पांचा खर्च त्याच्याकडून निघू द्या. यंत्रे स्वस्त झाली की कोयलीलाही तोच हायड्रोजन परवडेल.

मूळ लेखकाचे उत्तर

भार तिजोरीवर आजही आहेच. उत्पादकांना पहिल्या तीन वर्षांत किलोमागे अनुक्रमे जास्तीत जास्त 50, 40 आणि 30 रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद अभियानात आहे. जमीन आणि पारेषण शुल्कातील सूट त्याशिवाय वेगळी. हा पैसा आपण भरणार असू, तर पहिला टँकर छाणीच्या रस्त्याने इथल्या कारखान्यांत यावा, कांडल्याच्या बंदरातून बाहेर जाऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.