नेब्रास्काने दोनपैकी एक सभागृह का बंद केले?

सुमेधा_न (प्रश्न)

मी माध्यमिक शाळेत राज्यशास्त्र शिकवते. विधानसभा आणि विधानपरिषद हा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले की अमेरिकेतल्या राज्यांतही दोन सभागृहे असतात का. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत असतात आणि नेब्रास्कात १९३७ पासून एकच आहे, एवढे मी सांगू शकले. त्यावर तिने लगेच "का?" असे विचारले. मला सापडलेल्या मजकुरात "खर्च वाचवण्यासाठी" एवढेच कारण होते आणि ते मला पुरेसे वाटत नाही, कारण मंदीच्या काळात पैशांची चणचण सगळ्याच राज्यांना होती. मग हा बदल तिथेच का घडला? त्या राज्याच्या भूगोलाचा किंवा इतिहासाचा याच्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्लॅटकाठी

सुमेधाताई, मी बरीच वर्षे नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनमध्ये राहतो आणि तिथल्या विधिमंडळाच्या सुनावण्या प्रेक्षक म्हणून अनेकदा ऐकल्या आहेत.

खर्चाचे कारण खोटे नाही. दोन सभागृहांचे १९३५ चे शेवटचे अधिवेशन ११० दिवस चालले, त्यात १९२ विधेयके मंजूर झाली आणि खर्च २,०२,५९३ डॉलर आला. एकगृही विधिमंडळाच्या १९३७ च्या पहिल्या अधिवेशनात ९८ दिवसांत २१४ विधेयके मंजूर झाली आणि खर्च १,०३,४४५ डॉलरवर आला. सदस्यसंख्याही १३३ वरून ४३ झाली. आज ती ४९ आहे.

परंतु या बदलासाठी राज्यभर फिरलेल्या जॉर्ज नॉरिस यांचा मुख्य आक्षेप खर्चावर नव्हता. ते मॅककुक या गावचे, वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये नेब्रास्काचे प्रतिनिधी. त्यांचा रोख होता तो दोन सभागृहांच्या संयुक्त समितीवर. एकाच विधेयकाचा मसुदा दोन्हीकडे वेगवेगळ्या रूपात मंजूर झाला की मोजके सदस्य बंद दाराआड बसून तडजोड करीत, आणि तो नवा मसुदा इतरांना जसाच्या तसा स्वीकारावा किंवा फेटाळावा लागे. कोणते कलम कोणी घातले आणि कोणी गाळले, हे मतदाराला कधीच कळत नसे. शिवाय दोन्ही सभागृहे एकाच प्रकारच्या मतदारांनी निवडलेली असताना तेच काम दोनदा कशासाठी करायचे, असा त्यांचा प्रश्न होता.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इथे एक फरक सांगावा लागेल. विधानपरिषद विधानसभेचे विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना लांबवू शकते. अखेर विधानसभेचाच शब्द चालतो. अमेरिकी राज्यांत दोन्ही सभागृहांचे बळ जवळजवळ सारखे असते, म्हणून त्यांचे मतभेद मिटवायला तिसरी जागा लागते. नॉरिस यांना ती तिसरी जागाच नको होती.

आता "तिथेच का?" याबद्दल. नेब्रास्काच्या मतदारांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानाला टाकण्याचा अधिकार १९१२ पासून होता, त्यामुळे विधिमंडळाने स्वतःला अर्धे करून घ्यावे म्हणून त्याची मनधरणी करावी लागली नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये ही दुरुस्ती २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी मंजूर झाली. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना परवानगी देण्याचा प्रस्तावही होता. त्यामुळेही मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले असावेत, असे माझे मत आहे.

आजही मांडल्या गेलेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते आणि कोणीही नागरिक समोर बसून आपले म्हणणे मांडू शकतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढल्याबद्दल बोलायला आलेला एक वयस्क शेतकरी मी पाहिला आहे. समिती त्याचे शांतपणे ऐकून घेत होती.

वादी_प्रतिवादी

वरील माहिती उत्तम आहे, पण तिची दुसरी बाजूही वर्गात यायला हवी. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो आणि समित्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडले जातात, हे खरे. तरी कोण कोणत्या पक्षाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि वादग्रस्त विषयांवर मते बहुतेक पक्षानुसारच पडतात. दुसरे सभागृह नसल्यामुळे घाईला आवर घालण्याचे काम चर्चा लांबवण्याच्या हक्काकडे आले आहे. ती चर्चा थांबवायला ४९ पैकी ३३ मते लागतात, म्हणजे सतरा सदस्य ठाम राहिले तर विधेयक अडते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नेब्रास्काच्या वाट्याला असलेली पाचही मते राज्यभर जिंकणाऱ्यालाच द्यावीत, हा बदल २०२४ मध्ये पुढे सरकला नाही, तो तेवढी मते जमत नव्हती म्हणूनच. सध्या दोन मते राज्यभरच्या विजेत्याला आणि तीन मते अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) एकेका मतदारसंघाच्या विजेत्याला जातात.

सदस्यांचा पगारही विचारात घ्या. १९८८ पासून तो वर्षाला १२,००० डॉलरच आहे. एवढ्या पैशांत वर्षातले साठ किंवा नव्वद दिवस लिंकनला जाऊन राहणे नोकरदार माणसाला परवडत नाही, आणि माझ्या मते हा या काटकसरीचा खरा दोष आहे.

वाळूची_टेकडी

भूगोलाबद्दलचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहिते.

नेब्रास्काचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,६१,५०४. त्यातले निम्म्याहून अधिक लोक पूर्वेकडच्या ओमाहा आणि लिंकन परिसरातल्या तीन काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) राहतात. पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, आणि मध्यभागी गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा प्रचंड प्रदेश पसरलेला आहे. १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्याला मिळणाऱ्या १६० एकरांत तिथे कुटुंब जगत नसे, म्हणून १९०४ मध्ये खास कायदा करून ती मर्यादा ६४० एकर करावी लागली. आज तिथल्या एकेका मतदारसंघात दहापेक्षा जास्त काउंट्या सामावलेल्या असतात. दुसरे सभागृह काउंटीनिहाय असते तर विरळ वस्तीला आधार मिळाला असता, असे कोणी म्हणेल. पण राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येनुसारच हवेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिल्यानंतर तो मार्गही उरला नाही.

प्रश्नाची जागा बदलली तर संस्थाही नवी घडवायची, हे या राज्यात पुन्हा दिसले. ओगलाला या जमिनीखालच्या मोठ्या जलसाठ्यातला उपसा काउंटीच्या सीमा पाळत नाही, म्हणून १९७२ मध्ये नदीखोऱ्यांनुसार नैसर्गिक साधनसंपत्ती जिल्हे सुरू झाले. आज असे २३ जिल्हे आहेत. त्यांची मंडळे लोक निवडून देतात आणि त्यांना मालमत्ता कर लावण्याचा व भूजल उपशावर मर्यादा घालण्याचा अधिकार आहे.

इतिहासातली एक गोष्ट मात्र गाळू नका. पोंका जमातीला १८७७ मध्ये नेब्रास्कातून जबरदस्तीने दक्षिणेला हलवले गेले. तिथे मुलगा वारल्यावर त्याला मायभूमीत पुरण्यासाठी प्रमुख स्टँडिंग बेअर १८७९ च्या जानेवारीत थंडीत परत निघाला आणि पकडला गेला. ओमाहातल्या खटल्यात न्यायाधीश डंडी यांनी कायद्याच्या दृष्टीने मूलनिवासी ही "व्यक्ती"च आहे, असा निर्णय देऊन त्याला मुक्त केले. ज्यांची जमीन घेऊन हे राज्य उभे राहिले, त्यांना व्यक्ती ठरायलाही न्यायालयात जावे लागले, हे मुलांना कळायला हवे.

सुमेधा_न

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पुढच्या तासाला मी वर्गाचे दोन गट करून एकाच विधेयकाचे दोन मसुदे लिहून घेणार आहे; मग सहा जणांना प्रयोगशाळेत बसवून दार लावणार आणि बाहेर आलेला कागद बाकीच्यांना फक्त हो किंवा नाही म्हणून मतदानाला देणार. सतरा जणांचा मुद्दा त्यानंतरच्या तासाला घेईन. स्टँडिंग बेअरची गोष्ट मात्र उद्याच सांगते.