मदत हवी आहे: घरच्या कटिंग टॉर्चला गॅस कुठला घेऊ?

ऐरोलीकर७९: मंडळी, काकांचं वर्कशॉप बंद झालं त्यातला ऑक्सिजन सिलेंडर आणि कटिंग सेट माझ्याकडे आलाय. आता गॅस एलपीजी घेऊ की ॲसिटिलीन एवढंच सांगा. कापायचं पण आहे आणि तापवून वाकवायचं पण. दोन दुकानदारांनी दोन वेगळी उत्तरं दिली. शनिवारी जातोय आणायला, तेव्हा जरा पटकन.

तुर्भे_फॅब: काय कापायचंय? किती जाड? रोज की सठीसामाशी?

ऐरोलीकर७९: लोखंड, अजून काय.

तुर्भे_फॅब: अहो दोन सुताची पट्टी पण लोखंडच आणि रेल्वेचा रूळ पण लोखंडच 🙏

ग्राइंडर_जिंदाबाद: ग्राइंडर घ्या. विषय संपला.

वागळेकर_काका: ३० वर्षं वागळे इस्टेटला काढली, माझं ऐका, डीए घ्या, म्हणजे सिलेंडरमध्ये विरघळवून भरलेला ॲसिटिलीन. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत ३१०० अंशांच्या वर जाते, एलपीजी २८०० च्या आसपास. टेकवली की भोक. आम्ही शिकत होतो तेव्हा कार्बाइडवर पाणी सोडून गॅस बनवायचो, तो वास अजून नाकात आहे. आणि एलपीजीने लोखंडाचं गॅस वेल्डिंग होत नाही हे कोणी सांगत नाही.

तुर्भे_फॅब: काका, वेल्डिंग विचारलंय कोणी? कळंबोलीला भंगारात जाऊन बघा, सर्रास एलपीजीवर कापतात. सुरुवातीला तापायला वेळ लागतो हे मान्य, पण पुढे कापतो तो ऑक्सिजन, गॅस नुसता तापवायला. आणि वाकवायला तर एलपीजीच बरा, त्याची आच बाहेरच्या ज्योतीत पसरलेली असते. डीएवर मोठं हीटिंग नोझल लावलं तर तासाला सिलेंडरच्या सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओढता येत नाही, जास्त ओढलं की गॅस ज्यात विरघळलेला असतो तो ॲसिटोन पण बाहेर येतो.

वागळेकर_काका: आणि तुमचा एलपीजी ऑक्सिजन किती पितो ते पण सांगा की! एकास चार. डीएला एकास दीड पण लागत नाही. गॅसमध्ये वाचवलेले पैसे ऑक्सिजनवाल्याला.

घणसोली_गावठाण: घरात पाइप गॅस आहे का? त्यालाच टी मारली तर सिलेंडरची कटकटच नको.

तुर्भे_फॅब: चुकूनही नको!! त्या लाइनचं प्रेशर २१ मिलिबार, शेगडीपुरतं. ऑक्सिजन उलटा त्या पाइपात शिरला तर अख्खी बिल्डिंग खाली उतरेल. सिलेंडर घेतला तरी दोन्ही लाइनला फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी फिरलेली ज्योत अडवणारे) हवेच, आणि ऑक्सिजनच्या आट्यांना तेल-ग्रीसचं बोट पण लावायचं नाही. ऐरोलीकर, सिलेंडर ठेवणार कुठे?

ऐरोलीकर७९: रो-हाऊस आहे. जिन्याखाली खोली आहे, दोन पायऱ्या उतरून. आणायचा तर डिकीत आडवा टाकून आणीन.

तुर्भे_फॅब: बघा, हे आधी सांगायचं ना! एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की त्या खड्ड्यात साचून बसणार. बाहेर उघड्यावर ठेवा. आणि डिकी विसरा, दोन्ही गॅसचे सिलेंडर उभेच ठेवायचे, डीए तर खासकरून.

वागळेकर_काका: हे मात्र बरोबर बोललात.

थंडा_थंडा_एसी: मी एसीच्या तांब्याच्या पाइपला छोटी टॉर्च वापरतो, सिल्व्हर रॉडने मस्त जॉइंट होतो, कोणाला हवं असेल तर व्हिडिओ टाकतो.

ऐरोलीकर७९: एसी कुठून आला मध्येच 😡 घरातला लाल सिलेंडर जोडला तर चालेल का?

घणसोली_गावठाण: लाल घरच्या स्वयंपाकाचा, असल्या कामाला चालत नाही. १९ किलोचा निळा घ्या, नाहीतर ५ किलोचा छोटा, तो ओळखपत्रावर मिळतो.

तुर्भे_फॅब: ५ किलोचा मोठ्या हीटिंग नोझलला पुरणार नाही, थोड्या वेळात सिलेंडरवर बर्फ धरतो आणि ज्योत बसते. रेग्युलेटर पण शेगडीचा नाही, हाय प्रेशरचा. तुमचे काका हा सेट कुठल्या गॅसवर चालवायचे?

ऐरोलीकर७९: बहुतेक डीए. चॉकलेटी सिलेंडर होता.

तुर्भे_फॅब: मग नोझल डीएचं आहे. एलपीजी घेतलात तर नोझल वेगळं, होज पण एलपीजीची. आता तरी सांगा, कापायचंय काय?

ऐरोलीकर७९: सांगितलं ना, लोखंड. गेटच्या नक्षीसाठी चार सुताच्या सळया वाकवायच्या आहेत, आणि ठाण्याच्या जुन्या घरातून काढलेले ड्रेनेजचे पाइप कापायचे, ते काळे, जड असतात ते.

वागळेकर_काका: अहो ते बिडाचे, ओतीव लोखंडाचे!! बीड गॅसने कापत नाही, वितळून नुसता चोथा होतो. डीए असो नाहीतर एलपीजी.

तुर्भे_फॅब: काकांना अनुमोदन. पहिल्यांदाच.

ग्राइंडर_जिंदाबाद: मी काय बोललो होतो.

ऐरोलीकर७९: बरं पण सळयांचं काय? शनिवारी काय आणू?

तुर्भे_फॅब: सळया वाकवायच्या म्हणजे १९ किलोचा एलपीजी, एलपीजीचं हीटिंग नोझल, होज, रेग्युलेटर, दोन अरेस्टर. टेम्पोतून, उभा.

वागळेकर_काका: डीए.