मोठ्या टेक कंपनीचा सीएफओ व्हायचं तर सीए की इंजिनिअरिंग-एमबीए?

इतवारीची खतावणी
आमच्या घरी दहावीच्या निकालापासून एकच भांडण सुरू आहे. पोरगी म्हणते कॉमर्स घेते, सीए करते. तिचा मामा म्हणतो, आधी इंजिनिअरिंग, मग आयआयएम, नाहीतर टेक कंपनीच्या फायनान्समध्ये वर कोणी जाऊ देत नाही. मी पोरीच्या बाजूनं. टेस्लाचे सीएफओ, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी, वैभव तनेजा बघा. दिल्ली विद्यापीठाचं कॉमर्स, मग सीए, 1999 ते 2016 पीडब्ल्यूसी या ऑडिट फर्ममध्ये नोकरी, तिथून सोलर पॅनलवाली सोलरसिटी. ती कंपनी टेस्लानं विकत घेतली आणि ऑगस्ट 2023 पासून हा माणूस टेस्लाचा सीएफओ. 2024 चं पॅकेज 139 दशलक्ष डॉलर! यात एमबीए कुठे आहे? मग आम्ही एवढं कर्ज काढायचं काऊन?

मिहान रिटर्न
भाऊ, एका तनेजावर पोरीचं करिअर ठरवू नका. आणि ते 139 दशलक्ष म्हणजे पगार नव्हे. पगार 4 लाख डॉलर, बाकी बहुतेक शेअर आणि ऑप्शन्स, म्हणजे ठरल्या भावात शेअर घ्यायचा हक्क.

बाकीची नावं पण घ्या ना. मायक्रोसॉफ्टच्या एमी हूड: ड्यूकमधून अर्थशास्त्र, हार्वर्डचं एमबीए, गोल्डमन सॅक्स. 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टला आल्या त्या गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्या विभागात, आणि 2013 पासून सीएफओ आहेत. अ‍ॅपलमध्ये लुका माएस्त्रींच्या जागी 1 जानेवारी 2025 ला आलेले केवन पारेख मिशिगनचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, वर शिकागोचं एमबीए. आपल्या टीसीएसचे माजी सीईओ राजेश गोपीनाथन त्रिचीचे इंजिनिअर, मग आयआयएम अहमदाबाद. 2013 मध्ये सीएफओ, 2017 मध्ये थेट सीईओ. यात सीए कोण आहे सांगा. (टेस्ला गाड्या विकते, तिला टेक म्हणायचं का, हा वाद आज राहू द्या.)

धंतोलीची सीए
अमेरिकेत आपली सीए परीक्षाच नाही. तिथल्या यादीत सीए शोधून काय सिद्ध होणार, दादा? भारतातल्या कंपन्या घ्या. इन्फोसिसचे मोहनदास पै सीए होते. 1994 मध्ये आले, 2006 पर्यंत सीएफओ राहिले, आणि मार्च 1999 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात गेली ती त्यांच्याच काळात. आजचे सीएफओ जयेश संघराजका, तेही सीए.

पण मला डिग्रीपेक्षा कामाबद्दल बोलायचं आहे. लोकांना वाटतं टेक कंपनीत हिशेब म्हणजे किरकोळ गोष्ट, खरी कमाल कोड लिहिणाऱ्यांची. जुलै 2022 पासून मायक्रोसॉफ्टनं सर्व्हरचं आयुष्य 4 वर्षांवरून 6 वर्षं धरायला घेतलं. बस, एवढंच. मशीन तेच, वीज तीच. त्या एका अंदाजानं त्या आर्थिक वर्षाचा कामकाजी नफा सुमारे 3.7 अब्ज डॉलरनं वाढेल, असं कंपनीनं सांगितलं. 2023 मध्ये गूगलची अल्फाबेटही 4 वरून 6 वर गेली.

गणित साधं आहे. 600 कोटींचे सर्व्हर 4 वर्षांत खर्ची टाकले तर घसारा, म्हणजे मशीन जुनं होण्याचा खर्च, वर्षाला 150 कोटी. 6 वर्षांत टाकले तर 100 कोटी. कागदावर पहिली चार वर्षं दरवर्षी 50 कोटी नफा जास्त. आता एआयच्या चिप इतक्या भराभर जुन्या होतायत की 6 वर्षं धरणं खरं आहे का, हा प्रश्न कोण विचारणार? ज्यानं तीन-चार वर्षं घसाऱ्याच्या नोंदी तपासल्यात तोच. अमेझॉननं 2025 पासून काही सर्व्हरचं आयुष्य 6 वरून उलट 5 वर आणलं. म्हणजे तिथे कोणीतरी तो प्रश्न विचारलाच ना!

मिहान रिटर्न
ताई, उदाहरण झकास, पण ते माझ्याच बाजूनं जातं. आयुष्य 4 धरा की 6, सर्व्हरचं बिल तेवढंच भरावं लागतं, रोकड बदलत नाही. मुळात ते घ्यायचे की नाही, हे ठरवणं सीएफओचं काम. मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये 26.2 अब्ज डॉलरला लिंक्डइन घेतली, 2023 मध्ये 68.7 अब्जांना अ‍ॅक्टिव्हिजन. अशा सौद्यात कंपनी पाच वर्षांनी कुठे असेल याचा अंदाज लागतो. झालेल्या व्यवहाराची तपासणी करणाऱ्याला हे कोण शिकवतं? सीएला मागं बघायची सवय असते.

धंतोलीची सीए
मागं बघायची सवय नसली की काय होतं ते सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीत दिसलं. जानेवारी 2009 मध्ये कळलं की ताळेबंदातली 5,000 कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नव्हती. एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या कोर्टानं अध्यक्षांसोबत सीएफओलाही दोषी ठरवलं. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, ते वेगळं. घोटाळ्यानंतर आलेल्या 2013 च्या कंपनी कायद्यानं लिस्टेड कंपनीला सीएफओ नेमणं सक्तीचं केलं. सौदे सीईओही करतो, पण आकडे खरे आहेत म्हणून सही सीएफओची लागते.

वर्धा रोड
सत्यमचे हिशेब तपासणारे ऑडिटर पण सीएच होते, ताई, आणि त्यांनाही कोर्टानं दोषी धरलं. आणि घोटाळ्यात बुडालेल्या अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा सीएफओ फास्टो एमबीए होता, तोही आत गेला. डिग्रीनं माणूस सरळ राहतो हे दोघंही सोडा.

आर्टिकल, सेकंड इयर
मी नागपुरातच आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करावी लागणारी उमेदवारी, करतोय. माझं काम म्हणजे जीएसटी रिटर्न, बुटीबोरीच्या कारखान्यांचं स्टॉक ऑडिट आणि गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये पोती मोजणं. माल खरंच गोदामात आहे का, हे बघायची सवय लागली, ते खरं. पण सर्व्हरचा घसारा, ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर), परकीय चलनाचं हेजिंग (भाव बदलून होणाऱ्या तोट्यापासून बचाव) यातलं काही हातात आलं नाही. परीक्षेत ते असतं, ऑफिसात नसतं. नव्या नियमानं आर्टिकलशिप तीनऐवजी दोनच वर्षांची आहे, त्यामुळे फर्म निवडताना चुकलं की निस्तरायला वेळ नाही.

मिहान रिटर्न
हेच म्हणतो मी. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे. पण मी तिथे होतो तेव्हा आमच्याकडे प्रोजेक्ट यायचं, बजेट ठरून यायचं. पैशाचा निर्णय मुंबई-बंगळुरूला. सीए करा की एमबीए, पोरीला गाव सोडावंच लागेल.

इतवारीची खतावणी
सोडेल की. मामा तर तिला या जूनमध्येच जेईईसाठी कोट्याला पाठवायला निघालाय, सोळाव्या वर्षी.

धंतोलीची सीए
काका, मग तिला इथेच बारावी कॉमर्स करू द्या. फाउंडेशन आणि इंटर, सीएच्या पहिल्या दोन परीक्षा, नागपुरात बसून होतात. आर्टिकलशिपला मात्र मुंबई किंवा पुणे, मोठी फर्म, आणि शक्य झालं तर टेक कंपन्यांचं ऑडिट करणारी टीम मागून घ्यायची. आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेची, कॅटची, दारं सीए झाल्यावरही उघडी असतात, तेव्हा मामांनाही बोलायला जागा राहील.