फामागुस्ता: एक जिल्हा, तीन अंमल

सायप्रसमधला फामागुस्ता जिल्हा नेमका कुणाकडे? 'तुर्कांकडे' हे उत्तर अर्धंच आहे. सायप्रस प्रजासत्ताकाच्या कागदावर आजही सहा जिल्हे आहेत, त्यातला हा एक. १९७४ च्या तुर्की आक्रमणात मुख्य शहर, बंदर आणि ईशान्येला शेपटीसारखं गेलेलं कार्पास द्वीपकल्प हातचं गेलं. उरला आग्नेय कोपरा: पारालिम्नी, देरिनिया, आयिया नापा.

गंमत म्हणजे हा कोपराही बाकीच्या प्रजासत्ताकाला सलग नाही. मध्ये ढेकेलिया, ब्रिटनचा सार्वभौम लष्करी तळ. लार्नाकाहून आयिया नापाला निघालेला पर्यटक ब्रिटिश हद्दीतून जातो आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. वाटेत ना पासपोर्ट, ना शिक्का. उत्तरेच्या तुर्की सायप्रियट प्रशासनाने तर आपल्याकडच्या भागाचे आणखी दोन जिल्हे केलेत, गाझीमागुसा आणि इस्केले.

निवडणुकीचा हिशोब मला सगळ्यात विलक्षण वाटतो. फामागुस्तातून विस्थापित झालेला ग्रीक सायप्रियट लिमासोलमध्ये स्थायिक झाला तरी मत फामागुस्ताच्याच नावावर देतो. म्हणून एवढ्याशा कोपऱ्याच्या जिल्ह्याला संसदेत ५६ पैकी ११ जागा!

राहिला वरोशा. फामागुस्ता शहराचा हा हॉटेलांचा किनारा तुर्की लष्कराने कुंपण घालून रिकामा ठेवला. सुरक्षा परिषदेच्या १९८४ च्या ठराव ५५० ने तो संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे सोपवायला सांगितलं. झालं उलटंच: ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेनेच त्यातला काही भाग फिरायला खुला केला.